विषय: ८ मार्चचं भाषण – फाएझे हाशेमी

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,
८ मार्चच्या महिला दिनाच्या कार्यक्रमात बेबीताई इराणच्या फाएझे हाशेमी यांच्यावर बोलणार आहेत. दोन-तीन सभासदांची हरकत आली आहे: राष्ट्राध्यक्षांच्या लेकीचं काय कौतुक, आणि आपल्या मंडळाचा इराणशी संबंध काय? ताई, तुम्हीच इथे सगळ्यांना लिहाल का?

*

प्रेषक: बेबीताई, विलोडेल

सगळ्यांना नमस्कार.
लेकीचा मुद्दा खरा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. फाएझेचे वडील अकबर हाशेमी रफसंजानी १९८९ ते १९९७ इराणचे राष्ट्राध्यक्ष होते आणि फाएझेने खेळात जे उभं केलं त्यातलं बहुतेक त्याच आठ वर्षांतलं. दुसऱ्या कुणाच्या मुलीला ते करू दिलं नसतं. पण बापाचं वजन हाती आल्यावर माणूस ते कुठे खर्च करतो, हे मी बघते. तिने ते पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा आणि महिला पंच यांच्यासाठी खर्च केलं.

आधी काय होतं ते सांगते. १९७६ मध्ये इथेच कॅनडात, आपल्या माँट्रियलला, इराणी मुली ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. १९७९ ला क्रांती झाली आणि मग थेट १९९६ पर्यंत ऑलिंपिकला त्यांची एकही मुलगी नाही. परक्या पुरुषाच्या नजरेसमोर बाईने खेळायचं नाही, असा दंडक. फाएझेने तो मोडला नाही, उलटा वापरला. पुरुषांनी बघायचं नाही ना? मग पुरुषांनाच बाहेर ठेवू. बायकांच्या खेळांसाठी वेगळा महासंघ काढला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये तेहरानला इस्लामी देशांतल्या महिलांच्या पहिल्या क्रीडा स्पर्धा भरवल्या. पुढे १९९७, २००१ आणि २००५ लाही त्या झाल्या. सामन्याच्या वेळी आत पुरुष प्रेक्षक नाहीत, कॅमेरे नाहीत, मुली डोक्यावर काही न घेता धावतायत, पोहतायत.

यातली खरी मेख मला बऱ्याच उशिरा कळली. पुरुष आत येणार नसतील, तर शिट्टी वाजवणारी बाई, घड्याळ धरणारी बाई, दुखापत बघणारी डॉक्टरही बाईच हवी. म्हणजे त्या सगळ्या तयार करणं आलं! माझी इथली शेजारीण तेव्हा तेहरानमध्ये शाळेत होती. ती सांगते, तलावाचं दार आतून लावलं की पहिली पाच मिनिटं सगळ्या नुसत्या ओरडायच्या. हे सांगताना आजही तिचा आवाज चढतो.

१९९६ मध्ये फाएझे तेहरानमधून संसदेवर निवडून आली, दुसऱ्या क्रमांकाची मतं घेऊन. त्याच सुमारास सायकलचं प्रकरण पेटलं. तेहरानच्या पश्चिमेला चितगर उद्यान आहे, तिथे बायकांनी सायकल चालवावी की नाही यावर कट्टरपंथी रस्त्यावर उतरले. ही मात्र ठाम राहिली. चादोर म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं वस्त्र, त्याखाली जीन्स घालते म्हणून तिच्यावर टीका व्हायची, आणि विद्यार्थिनींना ती नेमकी त्यासाठीच आवडायची. १९९८ मध्ये तिने ‘ज़न’ म्हणजे ‘बाई’ नावाचं दैनिक काढलं. ते वर्षभरही टिकलं नाही. एप्रिल १९९९ मध्ये ते बंद पाडलं, कारणं दोन: माजी राणी फराह यांच्या नवरोज संदेशातला काही भाग छापला, आणि एक व्यंगचित्र. चित्रात बंदूक रोखलेला एक माणूस, समोर नवरा-बायको, आणि नवरा म्हणतोय, हिला मार, ही स्वस्त पडेल. तिथल्या कायद्यात बाईच्या जिवाची भरपाई पुरुषाच्या निम्मी धरतात, त्यावर ते बोट होतं.

आपला संबंध विचारलात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचं सुवर्ण इराणने भारताला २७–२४ असं हरवून नेलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी मी इकडे रडले, आणि कुणासाठी ते मला आजही नीट सांगता येत नाही.

*

प्रेषक: अण्णा, मिसिसागा

ताई, हरकत घेणाऱ्यांत मी होतो. कबड्डीचं वाचून आनंद झाला, पण मुख्य गोष्ट मला पटलेली नाही.

त्या बाईंनी दार उघडलं असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, त्यांनी कोंडवाड्यातच एक मोठी खोली बांधून दिली आणि कोंडवाडा पक्का केला. खेळणाऱ्या मुलीला तिचा भाऊ बघू शकत नाही, बाप बघू शकत नाही, जग बघू शकत नाही. २०११ मध्ये त्यांचा महिला फुटबॉल संघ ऑलिंपिक पात्रतेसाठी जॉर्डनला गेला, तर डोक्यावरच्या कापडामुळे फिफाने मैदानातच उतरू दिलं नाही. घरात एक बंधन, बाहेर त्याच बंधनाची शिक्षा. आणि सामना बघायला स्टेडियममध्ये जाणं? तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये बायकांना फुटबॉलची तिकिटं मिळाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये, कंबोडियाविरुद्ध. तीही एका तरुणीने स्टेडियममध्ये शिरायचा प्रयत्न केल्याबद्दल तुरुंगवास होईल या भीतीने कोर्टाबाहेर पेटवून घेतल्यानंतर. तडजोडीची किंमत कोणी दिली, तेही भाषणात यायला हवं.

*

प्रेषक: बेबीताई

अण्णा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. येईल, भाषणात येईल. कोंडवाड्याचा शब्द तुमचा म्हणून सांगेन.

पण एक भर घालते. बंद सभागृहातली ती स्पर्धा १९९३ ची. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटाच्या उद्घाटनाला इराणचा ध्वज घेऊन चालली ती नेमबाज लिदा फारिमान, संपूर्ण पथकातली एकटी बाई. एकातून दुसरं आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या काळात बायकांच्या खेळासाठी सत्तेत बसून भांडणारी कुणीतरी होती, एवढं नक्की. २००५ नंतर त्या स्पर्धा भरल्याच नाहीत. म्हणजे खोलीसुद्धा त्यांना जास्तच वाटली.

फाएझेचं म्हणाल, तर तिने स्वतःची किंमत पुढे दिली. २००० च्या निवडणुकीत हरली. २०१२-१३ मध्ये सहा महिने तेहरानच्या एविन तुरुंगात. तिथे तिच्यासोबत बहाई पंथाच्या नेत्या फरीबा कमालाबादी होत्या. २०१६ मध्ये त्या रजेवर घरी आल्या, तेव्हा फाएझे त्यांना जाऊन भेटली आणि देशभर गहजब झाला. बहाईंना तिथे माणसांत धरत नाहीत. खुद्द वडिलांनी जाहीरपणे सांगितलं, तिचं चुकलं, तिने सुधारावं. तिने माफी मागितली नाही. ज्या बापाच्या वजनावर सगळं उभं राहिलं म्हणतो, त्याच्याच शब्दाविरुद्ध ती इथे ठाम राहिली. २०२२ च्या हिजाबसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा अटक, पाच वर्षांची शिक्षा, आणि सुटका सप्टेंबर २०२४ मध्ये.

त्याच २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं सांगून थांबते. तायक्वांदोत ५७ किलोच्या गटात दोन इराणी मुली समोरासमोर आल्या. नाहिद कियानी इराणकडून, आणि २०१६ ला रिओत इराणला बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारी किमिया अलीज़ादे बल्गेरियाकडून. किमियाने २०२० मध्ये देश सोडला होता. कियानी जिंकली, पुढे तिने रौप्य घेतलं. किमियालाही कांस्य मिळालं. बक्षीस समारंभात दोघी एकाच व्यासपीठावर, एक डोक्यावर कापड घेऊन, दुसरी मोकळ्या केसांनी.

८ तारखेला माझी शेजारीण येते आहे. अण्णा, तिला मराठी येत नाही, पण तुम्ही पहिल्या रांगेत तिच्याशेजारी बसा आणि कोंडवाड्याबद्दल तिलाच विचारा. तलावाचं दार ज्यांनी आतून लावलं, त्यांच्यातली ती एक आहे.