ओवेन–हक्सली वाद: बोकडाच्या मेंदूत 'हिप्पोकॅम्पस मायनर' कसा दाखवायचा?

गंगापूररोडकर
नाशिकला आमच्या कॉलेजात 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे. विषय रिचर्ड ओवेन, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज शरीररचनातज्ज्ञ. 'हिप्पोकॅम्पस मायनर' हा मेंदूतला छोटा उंचवटा फक्त माणसातच असतो असं तो म्हणायचा, डार्विनचा पाठीराखा हक्सली याने ते खोडून काढलं. बोकडाचा मेंदू कापून तोच दाखवायचा विचार आहे. मेंदू टिकवायला फॉर्मालिन किती घ्यावं? आणि एवढ्या मोठ्या माणसाची चूक झाली कशी?

कवटी-कोपरा
बोकडात तो सापडणारच नाही. मेंदूच्या आतल्या पोकळीचं एक शिंग मागे जातं, त्यात हा उंचवटा असतो. बोकडाला ते मागचं शिंगच नाही. वाद होता तो हा भाग वानरांत असतो की नाही याचा.

1857 साली ओवेनने तीन गोष्टी फक्त माणसाच्या म्हणून सांगितल्या: लहान मेंदूच्याही मागे जाणारा मोठा मेंदू, ते मागचं शिंग आणि हा उंचवटा. चिंपांझीसाठी भिस्त होती श्रोडर व्हान डर कोल्क आणि व्ह्रोलिक या डच जोडीच्या 1849 च्या चित्रावर. तो मेंदू कवटीबाहेर काढल्यावर स्वतःच्या वजनाने खाली बसलेला होता. मेंदू बसला की पसरतो आणि मागचा लहान मेंदू उघडा पडतो. पुढे त्या दोघांनीच हे मान्य केलं. 1862 मध्ये केंब्रिजला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत हक्सलीच्या बाजूच्या विल्यम फ्लॉवरने माकडाचा मेंदू उघडून तो भाग दाखवला, तरी ओवेन हेका सोडेना. एका हाडाच्या तुकड्यावरून 1839 मध्ये न्यूझीलंडचा अवाढव्य पक्षी ओळखणारा माणूस हाच, म्हणून जास्त खटकतं.

सातपूर लॅब
फॉर्मालिनचं सांगतो. खाटकाला आधीच बजावा, मुंडी फोडू नको. कोयता बसला की भेजा गेलाच. हॅक्सॉने कवटीची टोपी कापा, पातं आत जाऊ देऊ नका. मोठ्या आणि लहान मेंदूमधला पडदा कात्रीने कापल्याशिवाय ओढू नका, नाहीतर लहान मेंदू तुटून वर राहतो. नसाही खालून एकेक कापायच्या.

200 मिली बाजारी फॉर्मालिन, 1800 मिली पाणी, 18 ग्रॅम मीठ. बुडाशी धावणाऱ्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून मेंदू उलटा टांगा, तळाला टेकता कामा नये. दुसऱ्या दिवशी द्रावण रक्ताळतं, बदला. दोन आठवडे ठेवा, घाईने कापला तर आतून लिबलिबीत निघतो. कापण्याआधी रात्रभर पाण्यात. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

ओवेनच्या काळात हे नव्हतंच, सगळं स्पिरिटवर, म्हणजे अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिनचा हा उपयोग जर्मन डॉक्टर ब्लूमने 1893 मध्ये दाखवला, ओवेन 1892 ला गेला.

गंगापूररोडकर
मग बोकडाचं दाखवू काय?

कवटी-कोपरा
चूक कशी झाली तेच दाखवा. दोन मुंड्या आणा: एक मेंदू टांगून, दुसरा बरणीच्या तळावर टेकवून, बाकी सगळं सारखं. दुसरा चपटा निघेल. शेजारी शेजारी ठेवून रुंदी-उंची मोजा.

सोबत चिंपांझीच्या कवटीचं पोकळ मॉडेल मिळालं तर आत तेल लावून प्लास्टर ओता, दोन भागांत, म्हणजे सुटेल. हक्सलीने 1863 मध्ये अशाच साच्याचं चित्र छापलं होतं. त्या कवटीत मोठ्या आणि लहान मेंदूमधला तो पडदा शाबूत होता, म्हणून मोठ्या मेंदूची खालची कड साच्यात ठसठशीत उठली आणि तो मागे किती जातो ते उघड दिसलं. खऱ्या माकडाच्या कवटीच्या भानगडीत मात्र पडू नका, 1972 चा वन्यजीव कायदा आड येतो.