पंचवीस की तीस? झाडीपट्टीतलं शूटिंग आणि फ्रेम रेटचा वाद

वडसेकर
आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईचा (दिवाळीनंतरच्या जत्रा-नाटकांचा) हंगाम तोंडावर आलाय, म्हणून विषय काढतो. आपल्याकडचं शूटिंग 25 फ्रेम्सवरच, म्हणजे सेकंदाला 25 चित्रं घेऊनच करावं, असं माझं ठाम मत आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, टीव्हीची पद्धतही 25 ची. गेल्या हंगामात एका गावी नाटक घेतलं. माझा कॅमेरा 25 वर, सोबतच्या पोराचा मोबाइल 30 वर. स्टेजचे एलईडी लागले की मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे सरकायचे. राजा तलवार उपसतो आणि नेमका त्याच्या तोंडावरून पट्टा! 30 चं 25 करताना हातही झटके देत हलले. तो अँगल पुरा टाकून द्यावा लागला. कलाकार रात्रभर घाम गाळतो जी, त्याचं असं वाटोळं करायचं काय?

पटवाला, भंडारा
भाऊ, पट्ट्यांचा दोष फ्रेम रेटवर काहून टाकता? दोष शटरचा, म्हणजे एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेते त्याचा. 50 हर्ट्झवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर बांधा, 30 वरही पट्टे जातात. मोबाइल ऑटोवर सोडला होता, म्हणून झालं ते.
अन् लोक पाहतात कुठं? मोबाइलवर. बहुतेक पडदे 60 हर्ट्झचे. 60 ला 30 नं भाग जातो, 25 नं जात नाही. कॅमेरा आडवा फिरवला की चित्र अडखळतं. शंकरपट (बैलांची शर्यत) तर मी 60 वरच घेतो, उन्हात शटर 1/500. अर्ध्या गतीनं लावलं की कासऱ्याला बसलेला हिसका, खुराखालून उडालेलं ढेकूळ, सारं स्वच्छ दिसतं. तुमच्या 25 अन् 1/50 वर बैलाचे पाय नुसते पुसट.

वडसेकर
शटरचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण पटाला 60 कशाला, 50 घ्या ना! अर्ध्या गतीला बरोबर 25 मिळतात, बाकीच्या कामात बिनघोर मिसळतात.

एडिटिंगवाला, यवतमाळ
माल कुठं जाणार ते आधी विचारा. यूट्यूब 24, 25, 30, 50, 60 सगळं घेतं. ज्यावर शूट केलं त्यावरच चढवा. थिएटरात सिनेमा ज्या डिजिटल रूपात देतात त्या डीसीपीला 24 सर्वांत निर्धोक. 25 चं 24 वर संथ केलं तर लांबी 4 टक्क्यांनी वाढते, आवाजही जुळवावा लागतो.
गावात खरं रडगाणं पेनड्राइव्हचं. जुन्या टीव्हीला एच.265 या नव्या कॉम्प्रेशनची फाइल लावली की आवाज येतो, चित्र नाही. पाहुणे जमलेले अन् नवरीचा बाप आपल्याला फोन करतो. त्याआधीच्या एच.264 मध्ये एमपी4 द्या. फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीची फाइल बसत नाही. नाटक अंकाअंकानं तोडा.

पटवाला, भंडारा
मोबाइलचं आणखी एक. 30 लावलं तरी फ्रेम्स कमीजास्त पडतात, लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ अन् आवाजाची फारकत होते. एडिटिंगआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट स्थिर करून घ्या.

वडसेकर
हे करून पाहतो. पोराच्या मोबाइललाही यंदा 25 अन् 1/50 लॉक करूनच स्टेजसमोर बसवीन. पटाला मात्र मी 50 च म्हणणार.

पटवाला, भंडारा
मंग या पटाला. दोन्ही कॅमेरे शेजारी लावू.