मदत हवी आहे: पोकेमॉनमधले मिस्टर फुजी आणि म्यूटू, खेळातच पुरावा आहे का?

मंडळी, पोकेमॉन रेड हा व्हिडिओ गेम संपवून आता त्याच मालिकेतला पुढचा, गोल्ड खेळतोय. लढाया जमतात, अडलंय भलत्याच ठिकाणी.

सिनाबार बेटावरच्या पडक्या हवेलीत रोजनिशीच्या नोंदी सापडतात. ५ जुलै: दक्षिण अमेरिकेत गयानाच्या जंगलात नवा पोकेमॉन सापडला. १० जुलै: त्याचं नाव म्यू ठेवलं. ६ फेब्रुवारी: म्यूला पिल्लू झालं, ते म्यूटू. आणि तळघरात १ सप्टेंबर: म्यूटू फारच ताकदवान आहे, आवरता येत नाही. बास! कोणी लिहिलं, हवेलीची ही दशा कशी झाली, एक अक्षर नाही.

त्याच बेटावरच्या प्रयोगशाळेत संस्थापकाचा फोटो आहे, डॉक्टर फुजी. आणि लॅव्हेंडर टाउनमध्ये बेवारस पोकेमॉन सांभाळणारे म्हातारे मिस्टर फुजी. माणूस एकच ना? यूट्यूबवाले 'सिद्ध झालंय' म्हणून ठोकून देतात आणि पुरावा मागितला की पोकेमॉनच्या सिनेमाकडे बोट दाखवतात. मला खेळातलं काहीतरी हवंय.

गोल्डमध्ये तीन वर्षं उलटलीत आणि गावंच बदललीत. ज्वालामुखीनं सिनाबार गिळलं, तिथल्या ब्लेननं आपलं जिम (पोकेमॉनच्या लढायांचा आखाडा) सीफोम बेटांवरच्या गुहेत हलवलं. लॅव्हेंडरच्या थडग्यांच्या मनोऱ्याचा रेडिओ टॉवर झालाय. वर्मिलियन गावातला तो माणूस मात्र अजून आपल्या माचोप नावाच्या पोकेमॉनकडून जमीन चोपून घेतोय, बांधकामाला पैसेच नाहीत म्हणे! (आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची आठवण झाली.)

असं न सांगता सांगणारा पुढचा कुठला गेम घ्यावा? स्पॉयलर चालतील, फक्त ऐकीव थिअऱ्या नकोत.

प्रतिसाद १
२००४ चा फायररेड बघा, रेडचीच नवी आवृत्ती. सिनाबारच्या जिममध्ये ब्लेन आणि मिस्टर फुजींचा फोटो आहे, खांद्याला खांदा लावून हसताहेत. 'डॉक्टर' नव्हे, 'मिस्टर'. म्हणजे लॅव्हेंडरच्या आजोबांचं सिनाबारशी नातं पक्कं. म्यूटू त्यांनीच घडवला असं मात्र हे खेळ कुठे म्हणत नाहीत, ते १९९८ च्या सिनेमातलं. आणखी एक गंमत: रोजनिशी म्हणते म्यूला पिल्लू झालं, पोकेडेक्स (खेळातली पोकेमॉनची माहितीवही) म्हणतो एका शास्त्रज्ञानं जनुकांशी खेळून बनवला. दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते खेळ तुमच्यावर सोडतो. माझ्या मते मुद्दामच.

प्रतिसाद २
पोकेमॉन प्लॅटिनम घ्या, डोळे झाकून. त्यातल्या इटर्ना जंगलात ओल्ड शॅटो नावाच्या जुन्या वाड्यामध्ये एक मुलगी आणि एक म्हातारा दिसतात न दिसतात तोच सरकत नाहीसे होतात. कोण होते, कसे गेले, कोणीच सांगत नाही. रात्री गेलात तर तिथला टीव्ही नक्की तपासा.

पण खरा माल त्याच खेळातल्या कॅनलेव्ह शहराच्या वाचनालयात, तिसऱ्या मजल्यावर. एका लोककथेत लिहिलंय की समुद्रात किंवा ओढ्यात पकडलेला पोकेमॉन खाल्ला की हाडं स्वच्छ करून, आभार मानून पुन्हा त्याच पाण्यात सोडा, तो अंगावर मांस घेऊन परत येईल. मुलांच्या खेळात हे! कथानकासाठी त्या मजल्यावर सगळेच जातात, पण कपाटांना हात न लावता खाली येतात. तुम्ही सगळी पुस्तकं वाचा, मग इथे लिहा. माणूस आणि पोकेमॉन एका पंगतीत जेवायचे त्या कथेवर मला वाद घालायचाय.