धाक न दाखवता वर्ग कसा सांभाळावा?

पाटी-पेन्सिल :
मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवते. शिकवण्याचे हे तिसरे वर्ष असून वर्गाचा पट ४६ आहे, आणि माझा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच येतो. उदाहरण लिहायला मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते, ती बघता बघता पुढपर्यंत पोहोचते आणि मग मला आवाज चढवावा लागतो. ओरडल्यावर वर्ग चिडीचूप होतो खरा, पण ती शांतता उदाहरणाची चौथी पायरी लिहीपर्यंतही टिकत नाही. एक मुलगा तर मुद्दाम बाक वाजवतो. त्याला उभे केले, वर्गाबाहेर काढले, वहीत शेरा लिहून पालकांची सही आणायला सांगितली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गेल्या आठवड्यात वैतागून मी साऱ्या वर्गाला माना खाली घालून बसवले, आणि ज्या मुली कधी चकार शब्द काढत नाहीत त्यांच्याकडे पाहून माझी मलाच लाज वाटली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की पहिल्याच महिन्यात वचक बसवायला हवा होता. मुलांवर हात उगारणे मला मान्य नाही. मग जे शिक्षक धाकाशिवाय वर्ग सांभाळतात ते नेमके काय करतात, हे कोणी सविस्तर सांगेल का?

खडूची धूळ :
आपण ‘फळ्याकडे वळले की’ असे लिहिले आहे, त्याकडे आधी पाहू. जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्गांचे चित्रीकरण करून हाच प्रश्न तपासला होता. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे : स्वतःच्या तासाला वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला ते रागावले आणि त्यांच्या लक्षात आले की ज्यांना कोणी काहीच बोलले नव्हते तेही सावरून बसले. एकाला बोललेले इतरांपर्यंत कसे पोहोचते हे शोधायला ते निघाले, पण १९७० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष वेगळाच होता. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून शांत वर्ग आणि गोंधळी वर्ग यांतला फरक ठरत नव्हता. तो ठरत होता गोंधळाच्या आधी काय घडते यावरून : शिक्षकाचे लक्ष चहूकडे आहे हे मुलांना जाणवते का, एकाची वही तपासताना दुसऱ्या कोपऱ्यात चाललेले त्याला दिसते का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना तास रेंगाळतो का.

म्हणून माझी सूचना साधी आहे. लांब उदाहरण तासाआधीच लिहून ठेवावे, किंवा एखाद्या विद्यार्थ्याला फळ्यावर लिहायला सांगून आपण मागच्या बाकापाशी उभे राहावे. मुले सुट्टीतून आत येतील तेव्हा एक सोपे उदाहरण फळ्यावर तयार असावे, म्हणजे धापा टाकत आलेल्या मुलांना बसल्याबरोबर हाताला काम मिळते. कुजबुज ऐकू आली तर वाक्य न तोडता, शिकवत शिकवतच त्या बाकाजवळ जाऊन थांबावे. नाव घेण्याची वेळ क्वचितच येते.

शेवटचा बाक :
वरचे सारे मान्य आहे, परंतु बाक वाजवणाऱ्या मुलाचा प्रश्न त्याने सुटेल असे मला वाटत नाही. त्याला वर्गाबाहेर काढता ही आपल्या लेखी शिक्षा असली, तरी त्याच्या लेखी ती सुटका असू शकते. चार-पाच दिवस फक्त एवढेच टिपून ठेवावे की बाक वाजण्याच्या अगदी आधी वर्गात काय चालले होते आणि वाजल्यानंतर त्याला काय मिळाले. सर्वांच्या नजरा मिळत असतील तर उपाय वेगळा, आणि नको असलेले काम टळत असेल तर वेगळा.

‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच, तेव्हा आधीच सावध करतो. लक्ष मिळेनासे झाले की खोडी सुरुवातीला कमी न होता वाढते, आणि पाचव्या दिवशी आपला संयम सुटला तर मूल एवढेच शिकते की अधिक नेट लावला की लक्ष मिळते. अधूनमधून फळ मिळणारी सवय नेहमी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे. शिवाय ४५ मुले हसत असताना एकट्या शिक्षकाच्या दुर्लक्षाला अर्थ तो काय?

मधली सुट्टी :
दोनच गोष्टी सांगतो. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती ठरल्याप्रमाणे दर वेळी होते का, हे मुले बारकाईने पाहतात. सोमवारी चालणारी गोष्ट मंगळवारी चालेनाशी झाली की तो नियम उरत नाही, शिक्षकाची लहर ठरते. दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेला आढळले होते की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम १ सेकंद थांबतात. तो वेळ ३ सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरे लांबली, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि शिस्तीसाठी टोकण्याचे प्रसंगही कमी झाले. साऱ्या वर्गाला दिलेल्या त्या शिक्षेबद्दल मात्र वर्गासमोर ‘माझे चुकले’ असे म्हणावे. त्याने वचक जात नाही.

पाटी-पेन्सिल :
सर्वांचे आभार. चार दिवस टिपणे ठेवली. मी फळ्यावर शिकवत असताना तो मुलगा एकदाही बाक वाजवत नाही. ‘आता पुढचे उदाहरण तुम्ही सोडवा’ असे म्हटले की अर्ध्या मिनिटात सुरू करतो. त्याची वही मागून घेतली. प्रत्येक उदाहरण सुवाच्य अक्षरात उतरवलेले, खाली समासाला टेकून ‘उत्तर :’ असे लिहिलेले आणि मध्ये कोरी जागा. तास संपल्यावर एकट्याला विचारले तेव्हा कळले की त्याला छेद समान करता येत नाहीत, आणि ते तर पाचवीपासूनच राहिले असावे. आता स्वाध्याय सुरू होताच पहिली पायरी मी त्याच्या शेजारी बसून करून घेते. काल तरीही त्याने दोनदा बाक वाजवला. मागची कुजबुज बरीच कमी झाली आहे, आणि माफीचे मी उद्या बोलणार आहे.