सत्कार पुरे, पोरींच्या हातात पाना द्या

प्रयोगवही:
तासगाव तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. बारावीच्या निकालात मुलींची बाजी, हे दरवर्षी छापून येतं आणि ते खरंही असतं. पण एकदा प्रॅक्टिकलला येऊन बघा. चौघांचा गट असतो. व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज अशी मोजमापाची सगळी उपकरणं मुलांच्या हातात, आणि अक्षर चांगलं म्हणून रीडिंग लिहायला मुलगी. झीरो एरर (उपकरणाची शून्याची चूक) कशी काढायची ते तिला तोंडपाठ असतं. पण तारेवर जॉकी सरकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचं काम तिच्या वाट्याला वर्षभरात क्वचितच येतं. तिला कुणी अडवत नाही, पण 'आता तू कर' असंही कुणी म्हणत नाही.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुली २९.८ लाख आणि मुलं २७.४ लाख होती. इंजिनिअरिंगला मात्र मुली २९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे विज्ञान त्यांना झेपतं, त्याबद्दल वाद नको. यंत्राशी गाठ पडायची वेळ आली की त्या बाजूला होतात, आणि ती सवय आपणच अकरावीपासून लावतो.

सावित्रीबाई फुले शेजारच्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्या जयंतीला, ३ जानेवारीला, व्याख्यानं आणि सत्कार जरूर व्हावेत. पण उपकरण आज कुणी हाताळायचं हे शिक्षकानं आळीपाळीनं ठरवून द्यावं. याला एक रुपया लागत नाही.

सोनाका:
मॅडम, राग मानू नका, पण हे वरवरचं झालं. माझी थोरली पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) यांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतंय. मोठा आधार झाला, नाही म्हणत नाही. पण रूमचं भाडं, मेस, लॅपटॉप? ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की डाऊनी रोग येतो, आणि औषधं मारण्यातच सगळं जातं. त्या साली मेसचे पैसे कुठून आणायचे, हे व्याख्यानात कुणी सांगत नाही.

दुसरं, धाकटीला सीए व्हायचंय. तिला बळंच इंजिनिअरिंगला ढकलू का? सगळ्या हुशार पोरींनी विज्ञानातच जावं हा हट्ट मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
माझा मुद्दा वेगळा आहे. माझ्या मुलाला अर्धी फी माफ आणि शेजारच्या मुलीला पूर्ण, दोन्ही घरांचं उत्पन्न सारखंच. वर प्रवेशात मुलींना ३० टक्के जागा राखीव. गरिबी काय मुलगा-मुलगी बघून येते? सवलत उत्पन्नावरच द्या.

टूलपोस्ट:
कृष्णाकाठ, एकाच लेकराची फी भरता येईल अशी वेळ आली तर घरात कुणाची भरतात? आमच्याकडे भावाची भरली. मी डिप्लोमा केला.

सोनाका दादा, मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग करते. आधीच्या एका कारखान्यात मुलाखतीला कामाचं कमी आणि लग्नाचंच जास्त विचारलं. मशीन शॉपमध्ये बायकांसाठी टॉयलेट नव्हतं, ऑफिसच्या इमारतीपर्यंत जावं लागायचं. म्हणून शिफ्टभर पाणी कमी प्यायचं. पोरी नोकरी का सोडतात याची कारणं अशी असतात, आणि चारचौघांत ती कुणी बोलत नाही.

मॅडमचं म्हणणं मला मात्र पूर्ण पटतं. वर्कशॉपला मीही जर्नलच लिहायचे. एक दिवस इन्स्ट्रक्टरनी मला लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) उभं केलं, कातायचं टूल सेंटरला लावायला लावलं आणि पहिला कट घ्यायला सांगितलं. धातूची चिप वेटोळं घेत बाहेर आली तेव्हा भीती गेली. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बायोकेमिस्ट कमला सोहोनींना सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला होता. त्या हटल्या नाहीत म्हणून अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. संधी मिळाल्याशिवाय कुवत दिसणार कशी?

सोनाका:
ताई, पाण्याचं वाचून लई वाईट वाटलं. पण तरी सांगा, दुसरी शिफ्ट सुटल्यावर आमच्या गावाकडं एसटी आहे का? पोरीनं कुपवाडला राहायचं कुठं?

प्रयोगवही:
धाकटीला सीएच होऊ द्या, सोनाका. मी बोलतेय ते जिला मशीनवर जायचंय आणि जिच्या हातात फक्त वही दिली जाते तिच्याबद्दल. कृष्णाकाठ, मुलांची सवलत वाढवा म्हणा, मी तुमच्याबरोबर सही करते. पण मुलींची कमी करण्याला माझा विरोध राहील. आणि एमआयडीसीजवळ नोकरदार महिलांचं वसतिगृह हवंच. ती मागणी कारखानदारांकडे आणि पालकमंत्र्यांकडे आपण मिळून करू.

कृष्णाकाठ:
कमी करा असं मी म्हटलेलं नाही. दोघांना सारखी द्या म्हणतोय, आणि त्या मतावर मी ठाम आहे. वसतिगृहाच्या निवेदनावर मात्र माझं नाव घाला.

सोनाका:
माझंही घाला. पण वसतिगृह उभं राहीपर्यंत थोरली पुण्यातच नोकरी बघणार.