१९४४ ची जीप: डिझेल उतरवून मूळचं पेट्रोल इंजिन बसवावं का?

घाटवाट
कराडजवळच्या एका मळ्यातून जुनी जीप घेतली आहे. सध्या ती घरच्या गॅरेजात उघडून ठेवली आहे. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा नाही, उलट्या 'यू'सारखा आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी जीपांपैकी ही विलीज कंपनीची एमबी नव्हे, फोर्डची जीपीडब्ल्यू. चासीच्या डाव्या पट्टीवरचा नंबर गंज घासल्यावर वाचता आला, तो १९४४ चा निघाला. बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा 'एफ' अजून शाबूत आहे. इंजिन मात्र ट्रॅक्टरचं डिझेल.

माझं मत ठाम आहे: डिझेल उतरवायचं आणि मूळ जातीचं साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) पेट्रोल इंजिन शोधून बसवायचं. २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती, सहा व्होल्टची वायरिंग. विलीज आणि फोर्डने मिळून युद्धात अशा सव्वासहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या, आणि एकीचा सुटा भाग दुसरीला बसत असे. एवढ्या घाईच्या काळात इतकं नेमकं यंत्र माणसांनी बनवलं. ते जसं होतं तसं एकदा तरी चालताना दिसावं, एवढीच इच्छा आहे. तुमची मतं सांगा.

ऊसकरी
साफ विरोध. १९४४ ची गाडी युद्धात राहिली असेल तर फार तर पावणेदोन वर्षं. त्यानंतरचं तिचं सगळं आयुष्य आपल्याकडे गेलं. आमच्या भागात अशा जीपांनी दुधाच्या किटल्या वाहिल्या, वडाप केलं (भाड्याने माणसं वाहिली), बाळंतिणींना रात्री-अपरात्री तालुक्याला नेलं. पेट्रोल परवडेना म्हणून शेतकऱ्याने डिझेल बसवलं आणि त्यामुळेच गाडी भंगारात गेली नाही. पुढे खुद्द महिंद्रानेही ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलंच की. तुम्ही गाडीची तेवढी वर्षं पुसून टाकताय आणि वर त्याला जपणूक म्हणताय. मला हे पटत नाही.

लेथमास्तर
ऊसकरी, तुमच्या भावनेचा मान राखून सांगतो, चासीला भावना कळत नाही. ही गाडी हलक्या पेट्रोल इंजिनासाठी आखलेली आहे. ट्रॅक्टरचं जड डिझेल नाकावर बसलं की पुढच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होतं, आणि त्याचे हादरे इंजिनाच्या माउंटिंगपाशी (इंजिन जिथे चासीला जोडतात तिथे) चासीला तडे पाडतात. मूळचा टी-८४ गिअरबॉक्स तर नागरी जीपमधल्या टी-९० पेक्षाही नाजूक. ब्रेकचे ड्रम फक्त नऊ इंची. घाट उतरताना हे सगळं जिवावर बेततं.

घाटवाट, इंजिनाचा शोध नंतर करा. आधी बॉडी उतरवून चासी कोरडी करा आणि माउंटिंगच्या जागा भिंग लावून बघा. फरशीखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये कारखान्यातूनच लाकूड भरलेलं असे. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग चांगला दिसला तरी तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहाच. चाकं दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असतील तर पूर्ण हवा काढून, व्हॉल्व्हची पिनसुद्धा बाहेर काढून मगच त्या नटांना हात लावा. भरलेल्या चाकावर ते नट सोडले तर रिम उडते आणि समोरचा माणूस वाचत नाही. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यावर कधीही हवेचा फवारा मारू नका. घरात लहान मुलं असतील तर हे काम चालू असताना गॅरेजला कुलूप हवं.

कलमवाचक
दोघांच्या भांडणात कायदा राहून गेला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात 'व्हीए'. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. डिझेल असेल तर हा रस्ता बंद.

दुसरी गोष्ट रंगाची. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. तेव्हा मूळ लष्करी रूप हवं असलं तरी तो रंग देऊ नका. हा नियम मला योग्यच वाटतो. रस्त्यावर सैन्याची म्हणून दिसणारी गाडी सैन्याचीच असली पाहिजे.

घाटवाट
रंगाच्या बाबतीत मन दुखतं. इंजिन मूळ हवं असं एक नियम म्हणतो आणि मूळ रंगाला दुसरा मनाई करतो. पण नियम मोडून गाडी रस्त्यावर आणणार नाही. बाहेरून वेगळा रंग देईन. डॅशबोर्डच्या मागे जुना हिरवा थर टिकून आहे, त्याला मात्र सँडपेपर लागणार नाही.

पेट्रोलचा निर्णय कायम. पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या जुन्या लष्करी मालाच्या बाजारात इंजिनाचा ब्लॉक मिळतो का ते बघतो आहे. ब्लॉकला चीर नसेल तर सिलिंडरमध्ये स्लीव्ह (नवं अस्तर) टाकून घेता येईल.

ऊसकरी
व्हिंटेज नोंदणी घेतलीत की ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरतीच बाहेर निघणार, रोजच्या वापराला बंदी. जी गाडी मळ्यात रोज राबली तिला तुम्ही कव्हरखाली घालणार. साध्या नोंदणीवर ठेवा, डिझेलची नोंद आरसीत करून घ्या, ब्रेक सुधारा आणि चालवा. मास्तर म्हणतात ते तडे वेल्डर भरून काढतो.

लेथमास्तर
तडा नुसता भरून चालत नाही. आधी त्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवावा लागतो, मग भरून आतून पट्टी द्यावी लागते. आणि जड इंजिन तिथेच राहिलं तर बाजूला नवा तडा पडतो. चासी एकच आहे, ती वाचवायची असेल तर डिझेल उतरलंच पाहिजे.

ऊसकरी
मग उतरवा, पण किलोवर विकू नका. इंजिन चालू असेल तर मला कळवा, माझ्या विहिरीवरच्या पंपाला लावतो. आणि ट्रॉलीसाठी मागे जोडलेला हूक कापण्याआधी मळ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा भेटा. तो कुणी बसवला, कशासाठी बसवला, गाडी कुठून आली होती, हे लिहून घ्या. तुमच्या फोर्डच्या नंबरातून ते कधीच कळणार नाही.