शनिवारी बाग, सोमवारी अंथरूण. काय करू?

मेहरूणकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न बागेचा आहे की तब्येतीचा ते मलाच कळेना. आम्ही जळगावला राहतो. फैजपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला सासऱ्यांचा 5 गुंठ्यांचा तुकडा आहे, तिथे मिस्टरांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅराव्हॅन करून कायमची उभी केली, आत दोन बर्थ, गॅसची शेगडी, बाहेर ताडपत्रीची सावली. शनिवार-रविवार तिकडेच. भोवती मी हौसेनं बाग केली, भरताची वांगी, मिरच्या, गवार, मोगरा, चार गुलाब.
मागच्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला. ताप आठवड्यात गेला पण मनगटं अजून सकाळी उघडत नाहीत आणि थकवा असा की पोळ्या लाटता लाटता ओट्याला टेकून उभी राहते. तरी तिकडे गेलं की हात शिवशिवतात. मागच्या शनिवारी सातला खुरपं घेतलं, एवढा एक वाफा निंदून उठते म्हणत म्हणत साडेदहा झाले, तेव्हा इतकं छान वाटत होतं हो, पण रविवारी दुपारी जी पडले ती मंगळवारी उठले, शाळेत दोन रजा गेल्या. पाणी ड्रममधून बादलीनं घालते, आम्ही नसताना शेजारच्या शेतातला सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) टाकतो, आठवलं तर. मिस्टर म्हणतात बाग मोडू न् फरशी टाकू. थंडी संपत आलीय, पुढे एप्रिल-मे. ठेवू की सोडू?

केळीवाला_भो:
ताई फरशी टाकू नका, मे मधे ती तव्यासारखी तापेल आणि रात्री व्हॅनमधे झोपणं होणार नाही. आधी ती बादली बंद करा. 500 लिटरची टाकी 5 फूट स्टँडवर ठेवा, खाली जाळीचा फिल्टर, कमरेच्या उंचीला एक कॉक, पुढे 16 एमेमची लॅटरल, म्हणजे झाडांजवळून जाणारी काळी नळी. दुकानदार प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणारे) गळ्यात मारेल, ते घेऊ नका. शेतातल्या ठिबकला चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास प्रेशर लागतं आणि 5 फुटावरून तुम्हाला 0.15 सुद्धा मुश्किलीनं मिळतं. लॅटरलला साधी मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी टोचा, ती कमी दाबावर पण सुटते. मग सालदाराला कॉक फिरवण्यापलीकडे काम नाही.
लॅटरल उघडी ठेवू नका, एक तर खारी कुरतडतात, दुसरं दुपारी काळ्या नळीतलं पाणी चहाइतकं गरम होतं. वरून केळीचा वाळका पाला अंथरा, आपल्याकडे बांधावर फुकट पडलेला असतो, निंदणी अर्धी कमी होईल. उधई लागते त्याला, म्हणून बुंध्यापासून वीतभर लांब. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मात्र आणून रचू नका, शेजारी कापूस असेल तर बोंडअळी त्यातच मुक्कामाला राहते, मग सालदाराचा मालक तुम्हाला शिव्या देईल.

निंबोळी:
मला थायरॉईड आहे, त्यामुळे हे पडणं ओळखीचं आहे. तुझ्या पोस्टमधे मला एकच वाक्य खटकलं, छान वाटत होतं म्हणून साडेदहापर्यंत बसले. अगं तिथेच चुकतं. थकल्यावर उठायचं नसतं, बरं वाटत असतानाच उठायचं आणि हे भयंकर अवघड आहे कारण अर्धा वाफा तसाच दिसत राहतो. मी फोनला 15 मिनिटांचा टायमर लावते, मग तेवढाच वेळ सावलीत बसायचं, आणि बसणं म्हणजे बसणं, लसूण सोलत नाही.
दुसरं, आठवड्यातून एकदा जाणाऱ्या बाईनं गवार लावूच नये. दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते, तू शनिवारी जाशील तर सगळी जून. गुलाबही तसेच, सतत काहीतरी मागतात. कढीपत्ता, गवती चहा, शेवगा, लिंबू लाव, एकदा धरले की आठवडाभर विचारत नाहीत. वांगी-मिरच्या हव्यातच तर निळा 200 लिटरचा ड्रम उभा चिरून त्याच्या दोन कुंड्या कर, बुडाला भोकं पाड आणि टेबलाच्या उंचीवर ठेव म्हणजे वाकायला नको. त्यात निव्वळ काळी माती भरू नकोस, वाळली की वीट होते, रेती आणि शेणखत निम्मं तरी पाहिजे.
खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ. जाड मूठ धरायला मनगटाला कमी जोर लागतो, माझ्या आईच्या संधिवातात शोधलेलं आहे. आणि डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी12 एकदा बघून घे. सगळं चिकनगुनियाच्या नावावर टाकू नये.

पेन्शनर_भुसावळ:
बाकी चर्चा वाचली. मला एवढंच विचारायचं आहे की त्या पाण्याच्या ड्रमला झाकण आहे का? ताईंना चिकनगुनिया, आठवड्यातून एकदा उघडणारी जागा, आणि साठवलेलं पाणी. एडिस डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे तुमच्या शनिवार ते शनिवारच्या हिशेबात बरोबर बसतं. आणि तो दिवसा चावतो, तुम्ही वाफ्यात बसलेल्या असता तेव्हाच. आम्ही नोकरीत असताना क्वार्टरमधे आठवड्याला कोरडा दिवस पाळायचो, टाक्या नुसत्या रिकाम्या नाही, घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. कुंड्यांखालच्या ताटल्याही बघा.

केळीवाला_भो:
भुसावळच्या आप्पांनी मुद्द्याचं बोललं. नव्या टाकीलापण घट्ट झाकण लावा ताई. आणि सावकाश करा, मांगे कोन लागेल शे?

मेहरूणकर:
सगळ्यांना उत्तर एकदमच देते, बोटं दुखतात. आप्पा, झाकण नव्हतं. शनिवारी गेल्या गेल्या बॅटरी मारून पाहिलं तर आत वळवळ वळवळ. मिस्टरांनी ड्रम आडवा केला, काथ्यानं घासला, उन्हात पालथा घातला, आणि मग स्वतःच म्हणाले की हाच चिरू. फरशीचं नाव काढलं नाही.
गवार उपटली. गुलाब सालदाराची बायको घेऊन गेली. मोगरा मी देणार नाही, त्यावर कोणी बोलू नका.
निंबोळी, टायमर लावला होता. वाजला, मी बंद केला आणि अजून 20 मिनिटं निंदलं. आज सोमवार, शाळेत गेले पण मधल्या सुट्टीत बाकावर डोकं टेकून पडले होते. पुढच्या वेळी फोन मिस्टरांच्या खिशात.
केळीवाले भाऊ, 7 झाडं, टाकीपासून सगळ्यात लांबचं 30 फुटांवर. मायक्रोट्यूब किती घेऊ?